कॅलिफोर्नियात व्हिसावर असताना लायसन्स: आय-९४ पासून ड्राइव्ह टेस्टपर्यंत

कर्वे रोडवर पंधरा वर्षं गाडी चालवलेला माणूस कॅलिफोर्नियातल्या ड्राइव्ह टेस्टमध्ये नापास होतो, तेव्हा त्याला वाटतं परीक्षकाने मुद्दाम पाडलं. मलाही पहिल्या वेळी तसंच वाटलं होतं. चूक माझीच होती, तिच्याकडे पुढे येतोच. पण आपल्यासारख्या एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचे जोडीदार), एफ-१ (विद्यार्थी), एल-१ (कंपनीने बदलीवर पाठवलेले) अशा व्हिसांवर आलेल्यांचं घोडं बहुतेक वेळा रस्त्यावर अडत नाही, त्याआधीच डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याच्या, खिडकीवर अडतं. इथल्या नागरिकाला लायसन्स म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना. आपल्याला मात्र ते आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीच्या, शेपटाला बांधलेलं मिळतं. म्हणून या लेखात आधी कागद, मग गाडी.

हे सगळं कॅलिफोर्नियाबद्दल आहे. लायसन्स इथे राज्य देतं, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मावशीने किंवा टेक्सासमधल्या डॅलसच्या मित्राने सांगितलेले नियम इथे चालत नाहीत. न्यू जर्सीत ओळखीच्या कागदांचे सहा ‘पॉइंट’ जुळवावे लागतात, कॅलिफोर्नियात तो प्रकारच नाही.

भारतीय लायसन्सवर किती दिवस?

तुम्ही नुसते पाहुणे असाल, वय अठरा किंवा जास्त असेल आणि भारतातलं लायसन्स चालू असेल, तर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा यात बसतात. त्यांचं वैध लायसन्स पुरतं, फक्त तुमच्या इन्शुरन्स कंपनीला आधी विचारा. आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट, म्हणजे आयडीपी, इथे लायसन्स म्हणून धरत नाहीत. तो फक्त भाषांतराचा कागद आहे. मूळ लायसन्स घरी विसरून नुसता आयडीपी दाखवला, तर तुमच्याकडे काहीच नाही असं समजतात.

रहिवासी झालात की मात्र दहा दिवसांत कॅलिफोर्नियाचं लायसन्स घ्यावं लागतं. रहिवासी कधी झालो, हा प्रश्न व्हिसाच्या शिक्क्याचा नाही. इथे नोकरी धरली, घराच्या करात घरमालकाची सवलत घेतली, विद्यापीठात राज्यातल्या मुलांच्या दराने फी भरली, अशा गोष्टींवरून ते ठरतं. एच-१बी वर येऊन कामाला लागलात म्हणजे झालातच. बाहेरच्या दराने फी भरणारा एफ-१ विद्यार्थी सहसा यात धरला जात नाही, त्यामुळे त्याला जरा उसंत मिळते. ‘तीन महिने चालतं रे’ असं ऑफिसात कोणीतरी सांगतंच. न्यू जर्सीत साठ दिवस आणि टेक्सासमध्ये नव्वद दिवस मिळतात, पण तेही तिथे राहायला येणाऱ्यांना. तिकडची गोष्ट इकडे सांगितली जाते, एवढंच.

दहा दिवसांत सगळं होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तोवर बस, कॅलट्रेन आणि मित्राच्या गाडीवर काढा.

घाई नको: आधी आठ-दहा दिवस जाऊ द्या

हे ऐकायला उलटं वाटेल. डीएमव्ही तुमचा व्हिसा स्वतः तपासत नाही. ‘सेव्ह’ नावाच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेला विचारते, आणि ती यंत्रणा इमिग्रेशनच्या नोंदी पाहते. विमानातून उतरल्या उतरल्या डीएमव्हीत गेलात तर ती नोंद अजून तिथे पोचलेली नसण्याची शक्यता असते. मग तुमचा अर्ज ‘पुढील पडताळणी’त जातो आणि चार दिवस वाचवायला गेलेला माणूस चार आठवडे बसतो. विद्यार्थ्यांनी आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारावं, ‘माझं सेविस रेकॉर्ड अ‍ॅक्टिव्ह झालं का?’ सेविस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, ती चालू झाल्याशिवाय जाऊच नये. अर्ज अडकलाच तर खिडकीवर पडताळणी क्रमांक मागून घ्या. ‘सेव्ह केसचेक’ या संकेतस्थळावर तो टाकला की गाडं कुठे अडलंय ते घरबसल्या दिसतं.

याच दिवसांत सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या, साइटवरून तुमचा आय-९४ काढून छापून ठेवा आणि त्यावरची तारीख नीट वाचा. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख आणि आय-९४ ची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. तुम्ही इथे किती दिवस राहू शकता ते आय-९४ सांगतो, आणि लायसन्सही साधारण तिथेच संपतं.

इथे आपल्या लोकांना नेहमी बसणारा एक फटका सांगतो. एच-१बी ची मंजुरी तीन वर्षांची, पण पासपोर्ट दीड वर्षात संपतोय, असं असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. माणूस मंजुरीचा कागद बघून निर्धास्त असतो आणि डीएमव्ही त्याच्या हातात दीड वर्षाचं कार्ड ठेवते. लायसन्स सोडा, अमेरिकेत राहण्याची मुदतच आखडते. निघण्याआधी भारतात पासपोर्ट नवा करून घेतला की हा सगळा ताप वाचतो.

एफ-१ वाल्यांच्या आय-९४ वर तारीखच नसते, ‘डी/एस’ अशी अक्षरं असतात, म्हणजे विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेपर्यंत. त्यांनी आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद, सोबत न्यावाच. त्यावर अभ्यासक्रम संपण्याची तारीख असते. ओपीटीवर (शिक्षणाशी जोडलेल्या नोकरीच्या परवानगीवर) असाल तर ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचं, कार्डही न्या.

नाव: आपला खास मराठी घोळ

आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत. भारतीय पासपोर्टात रकाने दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. त्यामुळे वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटून जातं. आय-९४ वरही तसंच, आणि डीएमव्ही कागदावर आहे तेच नाव घालणार. पण नवीन माणूस बँकेत खातं उघडताना, घराचा करार करताना सुटसुटीत म्हणून फक्त नाव-आडनाव लिहितो. मग राहत्या पत्त्याचा पुरावा एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्याच नावाचा दिसतो. बऱ्याच वेळा चालून जातं, कधी समोरचा माणूस हटून बसतो. पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टातलं अख्खं नाव लिहायचं, कितीही लांबलचक दिसलं तरी.

पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ आणि तुमचं खरं नाव आडनावाच्या जागी गेलेलं असतं. ‘एफएनयू’ म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. लायसन्सवरही हेच उतरण्याची भीती असते, आणि मग पुढची अनेक वर्षं फोनवरून ‘मिस्टर फ्नू आहेत का?’ अशी विचारणा होते. यावर उपाय एकच, भारतातच पासपोर्ट दुरुस्त करून घेणे.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना तिसराच त्रास. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बँकेचं खातं सासरच्या नावाचं. अशा वेळी लग्नाचा दाखला लागतो. तो मराठीत असेल तर इंग्रजी प्रत भारतातूनच घेऊन या.

कागदांची पिशवी

डीएमव्हीच्या साइटवर अर्ज ऑनलाइन भरा, शेवटी मिळणारा कन्फर्मेशन कोड जपून ठेवा आणि अपॉइंटमेंट घ्या. फी साधारण ४५ डॉलर. ती अधूनमधून वाढते, त्यामुळे भरण्याआधी साइटवर बघून घ्या.

सोबत पासपोर्ट व्हिसासकट, छापलेला आय-९४, एच-१बी असेल तर आय-७९७ मंजुरीची सूचना, एफ-१ असेल तर आय-२०, आणि कॅलिफोर्नियातल्या पत्त्याचे दोन पुरावे. पत्त्यासाठी भाडेकरार, बँकेचं स्टेटमेंट, विजेचं किंवा इंटरनेटचं बिल असं काहीही दोन. मित्राच्या सोफ्यावर राहत असाल तर हे दोन पुरावेच सगळ्यात अवघड, म्हणून आधी बँकेत खातं उघडा.

एच-४ वर आलेल्या बायकांसाठी, आणि नवऱ्यांसाठीही, कळकळीची सूचना: भाडेकरारावर दोघांची नावं घाला. नंतर घालू म्हटलं की राहूनच जातं आणि सगळी बिलं एकाच्या नावाने येत राहतात. तसं झालंच असेल तर जोडीदाराच्या नावाचा पुरावा आणि लग्नाचा दाखला मिळून काम होतं, पण दाखला शोधायला कोल्हापूरला फोन करण्यापेक्षा करारावर सही करणं सोपं.

सोशल सिक्युरिटी नंबर एच-४ वाल्यांना काम करण्याची परवानगी नसेल तर मिळत नाही, आणि नोकरी न करणाऱ्या विद्यार्थ्यालाही नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियात लायसन्स अडत नाही, अर्जात आपण त्यासाठी पात्र नाही असं खरं खरं सांगायचं.

अर्ज भरताना दोनदा वाचण्याचा एक प्रश्न आहे: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? कॅलिफोर्नियात एप्रिल २०१८ पासून डीएमव्हीच्या अर्जालाच मतदार नोंदणी जोडलेली आहे, आणि त्याच वर्षी नागरिक नसलेल्या काहींची नावंही चुकून यादीत गेल्याचं उघड झालं. भराभर ‘यस, यस’ दाबत जाण्याची आपली सवय इथे महागात पडते. नागरिक असल्याचा खोटा दावा हा १९९६ च्या कायद्याने इमिग्रेशनमधला फार गंभीर गुन्हा मानला आहे. ग्रीन कार्ड कायमचं हातचं जाऊ शकतं. ‘नो’ दाबा, आणि मतदार नोंदणीचं पत्र घरी आलंच तर ते भरून पाठवू नका, वकिलाशी बोला. अवयवदानाचा प्रश्नही याच अर्जात असतो, तो मात्र नागरिकत्वाशी संबंध नसलेला आणि ऐच्छिक आहे.

रिअल आयडी, म्हणजे केंद्र सरकारच्या निकषांत बसणारं लायसन्स, घ्यावं का, असं सगळे विचारतात. ७ मे २०२५ पासून देशातल्या विमानप्रवासाला ते किंवा दुसरं मान्य ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट मान्य आहे, त्यामुळे रिअल आयडी नसलं म्हणून कोणी विमानातून उतरवणार नाही. पण कागद नेणारच आहात तर रिअल आयडीच काढा, दर वेळी पासपोर्ट खिशात घालून फिरण्यापेक्षा बरं. कार्डावर अस्वल आणि त्यात तारा असतो, आणि मुदत मर्यादित असल्याची नोंदही.

लेखी परीक्षा

अठरावर वय असेल तर ३६ प्रश्न, त्यातले ३० बरोबर यायला हवेत. एका अर्जावर तीन संधी. अंगठ्याचा ठसा, फोटो आणि डोळ्यांची तपासणी याच भेटीत होते. चष्मा असेल तर तो घालूनच जा.

आपल्याकडे आरटीओची लेखी परीक्षा कोणी मनावर घेत नाही आणि तोच आत्मविश्वास इथे घेऊन येतो. डीएमव्हीची हँडबुक खरंच वाचा, दोन संध्याकाळी पुरतात. ज्यात आपण अडखळतो ते म्हणजे रंगवलेले फुटपाथाचे काठ (लाल म्हणजे थांबायचंच नाही, निळा अपंगांसाठी, हिरवा थोड्या वेळासाठी), चढावर आणि उतारावर गाडी लावताना चाकं कुठे वळवायची, फायर हायड्रंटपासून १५ फूट, वळण्याआधी १०० फूट सिग्नल. जानेवारी २०२५ पासून क्रॉसवॉकच्या आधीच्या २० फुटांतही गाडी लावली तर दंड होतो, जिथे काठ रंगवलेला नाही तिथेही. जुन्या प्रश्नसंचात हे सापडणार नाही. आणखी एक, स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. रस्त्याच्या मधे दुभाजक असेल किंवा दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असतील तरच समोरच्याला सूट.

पास झालात की शिकाऊ परमिट मिळतं. त्यावर एकट्याने गाडी चालवता येत नाही, शेजारी कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेला अठरा वर्षांवरचा माणूस हवा.

गाडी चालवायला पुन्हा शिका

हो, पुन्हा. दुसऱ्या अमेरिकन राज्याचं लायसन्स असेल तर ड्राइव्ह टेस्ट सहसा माफ होते, भारतीय लायसन्सवर नाही.

पहिल्या आठवड्यात वळताना वायपर चालू होणार. इंडिकेटरची दांडी इथे डाव्या हाताला असते, आपल्याकडे उजव्या, आणि तेवढ्यावरून परीक्षेत कावरंबावरं झालेली माणसं मी पाहिली आहेत. परीक्षेआधी चार-पाच तास तरी चालवा. शिकवणीसाठी पैसे घेणाऱ्याकडे डीएमव्हीचं लायसन्स लागतं. ‘एक काका आहेत, स्वस्तात शिकवतात’ असा सल्ला देशी ग्रुपवर मिळेल. काका भले असतील, पण अपघात झाला तर इन्शुरन्सचा प्रश्न तुमच्याच गळ्यात.

आता माझी चूक. स्टॉप साइनला मी थांबलो, म्हणजे मला वाटलं थांबलो. गाडी सरकत होती, ताशी दोन मैलांनी का होईना. परीक्षकाने कागदावर खूण केली आणि परत वळायला सांगितलं. इथे थांबणं म्हणजे चाक पूर्ण बंद, तेही पांढऱ्या रेषेच्या आधी. मग मनात एक-दोन-तीन. लाल सिग्नलवर उजवीकडे वळतानाही हाच नियम: पूर्ण थांबा, बघा, मग वळा, तशी मनाई करणारी पाटी नसेल तरच.

परीक्षेत पंधरापर्यंत छोट्या चुका खपतात. मोठी एक चूक झाली की संपलं: चिन्ह किंवा सिग्नल मोडला, कशाला धडकलात, परीक्षकाला हस्तक्षेप करावा लागला, किंवा वेग मर्यादेपेक्षा दहा मैलांनी जास्त किंवा कमी झाला. कमीसुद्धा, हे लक्षात ठेवा. आपले लोक सावध दिसावं म्हणून ४० च्या रस्त्यावर २५ ने जातात आणि त्यातच पडतात.

लेन बदलताना आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. परीक्षक तुमच्या मानेकडे बघत असतो, त्यामुळे थोडं नाटकी वाटलं तरी चालेल. उजवीकडे वळण्याआधी सायकलची लेन असेल तर चौकाच्या आधीच्या २०० फुटांत, मागे सायकलवाला नाही ना ते बघून, त्या लेनमध्ये शिरायचं आणि मग वळायचं. लेनच्या बाहेरून एकदम आडवं वळणं चूक धरतात. भारतात हा प्रश्न कधी आलेलाच नसतो. हॉर्न वाजवू नका. आपण तो ‘मी आहे’ म्हणून वाजवतो, इथे तो शिवीसारखा ऐकू येतो.

पॅरलल पार्किंग कॅलिफोर्नियाच्या परीक्षेत नसतं. काठाला लागून सरळ मागे न्यावी लागते, तीन गाड्यांच्या लांबीएवढी.

सुरुवातीला गाडी उभी असतानाच हेडलाइट, वायपर, डिफ्रॉस्टर, हॅझर्ड, हॉर्न, पार्किंग ब्रेक कुठे आहेत ते दाखवायला सांगतात, आणि हाताचे सिग्नल. डावा हात खिडकीबाहेर सरळ म्हणजे डावीकडे, कोपरात वर म्हणजे उजवीकडे, कोपरात खाली म्हणजे थांबतोय. उधार गाडी घेऊन जाणाऱ्यांची इथेच पंचाईत होते, डिफ्रॉस्टर सापडत नाही. आदल्या दिवशी पार्किंगमध्ये उभी करून सगळी बटणं एकदा दाबून बघा.

गाडी तुम्हीच न्यायची, चालू रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्ससह. भाड्याची असेल तर करारावर चालक म्हणून तुमचं नाव हवं आणि करारात ड्राइव्ह टेस्टला मनाई नको. लायसन्स असलेला मित्रही हवाच, नाहीतर परीक्षेपर्यंत गाडी आणणार कोण? परीक्षा फक्त अपॉइंटमेंटने. तीन संधी असतात, पुन्हा द्यायची तर थोडी वेगळी फी.

पास झाल्यावर कागदी तात्पुरतं लायसन्स हातात मिळतं, कार्ड टपालाने येतं. घर बदललंत तर दहा दिवसांत डीएमव्हीला कळवा. इमिग्रेशनलाही एआर-११ अर्जाने दहाच दिवसांत कळवायचं असतं, दोन्ही एकाच बैठकीत उरका.

स्वतःची गाडी घेतल्यावर

इन्शुरन्सशिवाय गाडी काढायची नाही. जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा वाढल्या आहेत: एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सर्वांसाठी ६०,०००, आणि मालमत्तेच्या नुकसानासाठी १५,०००. माझ्या मते हे फार कमी आहे, एक टेस्ला धडकली की १५,००० संपतात. जमेल तेवढा वरचा आकडा घ्या. नव्यांना हप्ता जास्त बसतो, कारण भारतातली वर्षं बहुतेक कंपन्या मोजत नाहीत.

पोलिसाने मागून दिवे लावले तर उजवीकडे थांबा आणि गाडीतच बसा. भारतात आपण कागद घेऊन खाली उतरतो, इथे उतरलात तर पोलीस घाबरतो, आणि घाबरलेला पोलीस कोणालाच नको असतो. हात स्टिअरिंगवर ठेवा, सांगितल्यावर कागद काढा. दारूचं मात्र वेगळंच. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण व्हिसावर असताना नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, कोर्टात सुटण्याआधीच. दिवाळीच्या पार्टीनंतर उबर करा.

मुदत वाढवताना

लायसन्स संपण्याच्या चार महिने आधीची आठवण फोनमध्ये आजच लावून ठेवा. एच-१बी ची मुदतवाढ अर्जात असेल तर जुना आय-९४ संपल्यावरही २४० दिवस त्याच मालकाकडे काम करता येतं. पण काम करण्याची परवानगी आणि गाडी चालवण्याची परवानगी एक नव्हे. काम चालू आणि लायसन्स संपलेलं, अशा अवस्थेत कॅम्री गॅरेजमध्ये ठेवून लाइट रेलने जाणारे लोक सॅन होजेत मी पाहिले आहेत. कंपनीच्या वकिलाला मुदतवाढ लवकर टाकायला सांगा, शक्य असेल तर प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल मिळवून.

मंजुरी आली की आय-७९७ए च्या तळाशी नवा आय-९४ छापलेला असतो, तो फाडून टाकू नका. सीबीपीच्या साइटवर जुनाच दिसेल, कारण तुम्ही देशाबाहेर जाऊन आलेला नाहीत. डीएमव्हीच्या खिडकीवर हा तळाचा तुकडा दाखवायचा, आणि समोरच्याला कळलं नाही तर शांतपणे तारखेवर बोट ठेवायचं.